नाकारायचा सत्कार

सरांच्या घरी गेलं की आधी पाणी यायचं, मग फोटो. आपण भांडं खाली ठेवेपर्यंत भिंतीवरची एक चौकट उतरलेली असायची. सर ती धोतराच्या सोग्यानं पुसत पाहुण्याच्या मांडीवर ठेवायचे आणि समोर उकिडवे बसून म्हणायचे, "ओळखा. यात मी कुठे आहे?"

फोटो शाळेच्या शिक्षकांचा असायचा. पाहुणा बिचारा मधली रांग शोधायचा, मागची शोधायचा, खाली मांडी घालून बसलेल्यांत बघायचा. जितका वेळ लागेल तितकी सरांची कळी खुलायची. शेवटी ते स्वतःच बोट ठेवायचे. अगदी उजव्या कडेला, जिथं फोटो संपतो तिथं, अर्धा खांदा, एक कान आणि पांढऱ्या टोपीचं टोक. "हा मी. सगळे म्हणत होते, पुढे बसा, पुढे बसा. पण आपल्याला ते नाही."

असे फोटो एक-दोन नव्हते, अख्खी भिंत होती. दर वर्षी फोटोच्या दिवशी सर कडेला जाऊन उभे राहायचे, सगळे त्यांना मधे बोलवायचे, ते मान हलवायचे, दोघे-तिघे हाताला धरून ओढायचे, आणि या ओढाताणीत मधे बसलेल्या पाहुण्यांपेक्षा सरांकडेच सगळ्यांचं लक्ष असायचं. एका वर्षी फोटोग्राफर नवा होता. त्यानं मुकाट्यानं कॅमेरा मागे नेला आणि सरांना पूर्ण आत घेतलं. तो फोटो भिंतीवर लागला नाही.

त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही. ते असते तर "नाव नको, नाव नको" असं चारदा म्हणाले असते, आणि मी खरोखरच गाळलं म्हणून आठवडाभर माझ्याशी बोलले नसते.

दुष्काळ सरला त्या वर्षी मी माळशिरसहून सोलापुरात सात रस्ता चौकाजवळच्या या शाळेत शिक्षिका म्हणून आले. पहिल्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत एकटी अवघडून बसले होते. भूगोलाचे हे सर आत आले, नमस्कार केला आणि म्हणाले, "बाई, या शाळेतला सगळ्यांत कमी महत्त्वाचा माणूस मी." एवढं बोलून थांबले असते तर मला पटलंही असतं. पण ते कमी महत्त्वाचे कसे, कोणी कोणी त्यांना महत्त्व देऊ केलं आणि त्यांनी ते कसकसं परत पाठवलं, हे सांगण्यात मधली सुट्टी संपली. माझा डबा तसाच राहिला. आमच्याकडे कुणी चार एकर ऊस लावला तर तो गावभर सांगत फिरतो, त्यामुळे मोठेपणा सांगणारी माणसं मला सवयीची होती. लहानपणा सांगणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होते, आणि खरं सांगते, मला तो फार आवडला.

वर्गातही तेच. पृथ्वीचा गोल घेऊन यायचे, टेबलावर ठेवायचे आणि फिरवायचे. "ही पृथ्वी. यात भारत एवढा. भारतात महाराष्ट्र एवढा. त्यात सोलापूर म्हणजे टाचणीचं टोक. त्यात सात रस्ता तर दिसतच नाही. आणि त्या सात रस्त्यावर उभा मी. सांगा, मी कोण?"

"कोणी नाही, सर," सगळा वर्ग एका सुरात ओरडायचा. पाचवीपासून अकरावीपर्यंतची पोरं हे ओरडत मोठी झाली होती. गिरणीचा भोंगा ऐकू आला नाही तर चुकल्यासारखं वाटावं, तसं त्यांना ते ओरडल्याशिवाय भूगोल सुरू झाल्यासारखं वाटत नसे. सर डोळे मिटून ते ऐकायचे आणि मग समाधानानं नद्या शिकवायला घ्यायचे.

त्यांच्या घरी जेवायला जाणं ही परीक्षा असायची. कडक भाकरी, शेंगाचटणी, वर दही आणि कांदा. सरांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, त्यांच्या हाताला अशी चव की मी दोनदा मागून घ्यायचे. पण सरांना चवीचं कौतुक नको असायचं. ते टक लावून बघत राहायचे आणि शेवटी विचारायचे, "इतकं साधं जेवण तुम्ही कुठं जेवलात का हो?" या प्रश्नाला "नाही" असं उत्तर द्यायचं असतं हे मला पहिल्या वेळी ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, "आमच्या घरी रोज हेच असतं, सर. दही मात्र नसतं." सरांचा चेहरा पडला. पुढच्या वेळी गेले तेव्हा ताटात दही नव्हतं.

साधेपणात आपल्यापेक्षा कुणी पुढं गेलेलं त्यांना सहन व्हायचं नाही. एकदा शाळेत व्याख्यानाला एक वयस्कर पाहुणे आले. अंगावर हातानं कातलेल्या सुताचं एकच वस्त्र, आणि स्टेशनपासून अनवाणी चालत आलेले. मुलं भारावली. मुख्याध्यापक, म्हणजे आमचे हेडसर, वाकून पाया पडले. सर त्या पायांकडेच बघत होते. दुसऱ्या दिवसापासून सरांनी चप्पल सोडली.

महिना एप्रिलचा होता. सोलापूरचा एप्रिल ज्यांनी पाहिला नाही त्यांना काय सांगावं, दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. सर सकाळी भिंतीच्या सावलीसावलीनं यायचे, पण दुपारी परत जाताना सावली पायाखालीच असायची. तिसऱ्या दिवशी मैदान ओलांडताना ते जे पळत सुटले ते थेट प्रयोगशाळेत. मी गेले तर सर स्टुलावर बसलेले, दोन्ही पाय बादलीत, आणि आमचा शिपाई सिद्राम वरून तांब्यानं पाणी ओततोय.

"भाजले का हो, सर?" मी विचारलं.

"छे. पायांना काय होतंय? साध्या माणसाचे पाय हे."

सिद्राम पाणी ओतता ओतता म्हणाला, "सर, साधेपना पायात नगा ठिवू. डोक्यात ठिवा. तितं टोपी हाय."

हा सिद्राम कुंभारीहून सायकलवर यायचा आणि तो सरांच्या अगदी उलटा होता. त्याचा मोठेपणा उघड्यावर वाळत घातलेला असायचा. "ही शाळा कोन चालवतंय? हेडसर? न्हाय. मी घंटा दिली तर शाळा भरती, मी दिली न्हाय तर पोरं हितंच म्हातारी व्हतील की." असं तो इन्स्पेक्टरांसमोरही म्हणायचा. सरांना त्याचा हा स्वभाव अजिबात पसंत नव्हता. "माणसानं स्वतःबद्दल बोलूच नये," असं ते मला अर्धा अर्धा तास समजावून सांगायचे. तरीही मधल्या सुट्टीत दोघे एकाच बाकावर बसून शेंगा सोलत असायचे.

आता सत्काराचं सांगते, कारण सगळी गोष्ट तिथंच अडली होती.

आमच्याकडे कुणाचाही सत्कार म्हणजे हार, नारळ आणि चादर. सोलापुरात दुसरं काय घालणार अंगावर? निवृत्त होणारा माणूस ती जाडजूड सुती चादर पांघरून सगळी भाषणं संपेपर्यंत घामानं निथळत व्यासपीठावर बसायचा, आणि काढायची त्याची बिशाद नसायची. या सगळ्यातले जाणकार सर. चादर आणायला तेच पूर्व भागातल्या चादरी विणणाऱ्या एका मागवाल्याकडे जायचे. घडी कशी घालायची, किनार बाहेर कशी दिसली पाहिजे, चादरीवरचा मोर लोकांकडं तोंड करून कसा आला पाहिजे, हार आधी की चादर आधी, सगळं तेच ठरवायचे. मोर उलटा आला तर भर कार्यक्रमात उठून सरळ करायचे. दुसऱ्याच्या सत्कारात त्यांचा उत्साह ओसंडून जायचा.

मी लागले त्याच वर्षी गणिताचे एक शिक्षक निवृत्त झाले. त्यांच्या समारंभात सर बोलायला उठले आणि बोलता बोलता त्यांना भरतं आलं. माइक हातात धरून म्हणाले, "माझ्या निवृत्तीला हे असलं काही करायचं नाही. आपल्याला ते नाही. आणि घातलीतच माझ्या अंगावर चादर, तर सगळ्यांदेखत ती काढून या सिद्रामच्या अंगावर घालीन."

टाळ्या कडाडल्या. सर्वांत जास्त टाळ्या सिद्रामनं वाजवल्या. त्या दिवसापासून तो सरांच्या निवृत्तीची वाट बघायला लागला. दर थंडीत मला विचारायचा, "बाई, भूगोलाचं सर कवा रिटायर हुनार? औंदा गारठा लई हाय."

ते वर्ष आलं. आणि हेडसरांनी शिक्षकांच्या बैठकीत जाहीर केलं की सरांचा सत्कार होणार नाही.

हेडसर वाईट नव्हते. सरळ माणूस होते, इतके सरळ की कुणी "चहा नको" म्हटलं तर त्याला खरंच चहा द्यायचे नाहीत. त्यांच्या घरून बरेच पाहुणे तहानलेले परत गेले आहेत. ते गहिवरून म्हणाले, "सरांसारखा निरिच्छ माणूस मी पाहिला नाही. त्यांनी भर सभेत इच्छा सांगितली आहे. माणसाच्या शब्दाला मान द्यायचा. शेवटच्या दिवशी फक्त चहा घेऊ आणि शांतपणे निरोप देऊ." सगळ्यांनी सरांकडे पाहिलं. सरांनी मान डोलावली, पण जरा उशिरा. "उत्तम," ते म्हणाले. "हेच. हेच मला हवं होतं."

पुढचे दिवस मी त्यांना बघत होते आणि माझा जीव तुटत होता. सर हॉलमध्ये जाऊन पंख्याचं बटण दाबून बघायचे. "सहज पाहिलं. त्या दिवशी हॉल रिकामाच आहे ना?" मला म्हणायचे, "माझं काही नाही हो, बाई. पण मुलांच्या मनाचा विचार करायला हवा. त्यांना वाटत असेल." एक दिवस वर्गात गोल फिरवून त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला आणि वर्ग नेहमीसारखाच ओरडला, "कोणी नाही, सर." त्या दिवशी त्यांनी डोळे मिटले नाहीत. नद्याही शिकवल्या नाहीत. पुस्तक वाचायला लावलं आणि खिडकीशी उभे राहिले.

मग एका संध्याकाळी काकू माझ्या खोलीवर आल्या. बसल्या, पदरानं वारा घेतला आणि म्हणाल्या, "बाई, ह्यांचा सत्कार करा हो."

"पण काकू, त्यांना नको आहे."

"नकोच आहे. तेच तर सांगते. नको म्हणायची केवढी तयारी करून ठेवलीय ह्यांनी. सत्कार नाकारायचं भाषण आहे ह्यांचं. कितीतरी वर्षं न्हाणीघरात म्हणतात. मला तोंडपाठ झालंय. 'उपस्थित सज्जनहो, ही चादर माझ्या खांद्यांना पेलवणारी नाही,' इथून सुरू होतं. आता सत्कारच नाही, तर माणसानं नाकारायचं काय?"

मला हसू आलं आणि लगेच डोळ्यांत पाणीही आलं. आयुष्यभर सर एकच मोठेपणा मनात बाळगून होते, की एक दिवस सगळे मिळून देतील आणि मी घेणार नाही. त्यासाठी आधी कुणीतरी द्यायला हवं होतं. मागून घ्यायची तर सोयच नव्हती, कारण स्वतःच माइकवर दार लावून घेतलं होतं.

मी हेडसरांकडे गेले. ते म्हणाले, "बाई, ते मोठे आहेत म्हणून नको म्हणतात. आपण त्यांना लहान करायचं का?" मी हात टेकले. बाहेर येऊन सिद्रामला सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, घंटेचा हातोडा खांबाला टेकवून ठेवला आणि म्हणाला, "म्हंजे माजी चादर बी गेली? मी इतकी वरसं कुडकुडलो ते काय फुकट? थांबा. हेडसरास्नी मीच बगतो."

मी दाराशी उभी राहून ऐकलं. सिद्राम आत जाऊन थेट टेबलापुढं उभा राहिला.

"सर, तुमी मान्साच्या शब्दाला मान देता म्हनं."

"देतो."

"मग भूगोलाच्या सरांचा शब्द पुरा पाळा की. त्यांनी काय म्हटलं? चादर घातली तर काडून सिद्रामला घालीन. ह्यो बी शब्दच हाय. माइकवर दिलाय. तुमी अंगावर घातल्याबिगर ते काडतील कुटनं, आन् मला घालतील काय?"

सरळ माणसाला सरळ पेचात धरलं की तो निसटत नाही. हेडसर म्हणाले, "हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. एका वाक्याचा अर्धाच भाग पाळत होतो मी. तुझ्यावर अन्याय झाला असता."

"लई झाला असता," सिद्राम म्हणाला.

चादर आणायला या वेळी मी गेले. तो म्हातारा मागवाला तेलुगूत घरात काहीतरी बोलला, मग मला म्हणाला, "सरांसाठी? मग निवडायचं काम नाही." आतून कागदात गुंडाळलेली एक चादर आणली. गडद डाळिंबी, दोन्ही टोकांना मोर. "दर साली सर येतात. ही उघडतात, हात फिरवतात, 'फार भारी आहे' म्हणतात आणि दुसऱ्यासाठी दुसरी नेतात. हा नमुना आता मागावर नाही. ही मी विकली नाही." चादर छातीशी धरून भर उन्हात चालत परत आले.

शेवटच्या दिवशी चहाला म्हणून सरांना हॉलमध्ये नेलं, तर हॉल खच्चून भरलेला. पंखा चालू होता. पहिल्या रांगेत काकू होत्या. सरांनी हे पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद फुटला तो त्यांना लपवता येईना. भुवया आवळल्या, ओठ मुडपले, काही उपयोग झाला नाही. "हे काय? हे काय चालवलंय?" असं म्हणत ते कुणी ओढायच्या आत व्यासपीठावर चढले.

हेडसरांनी हार घातला, नारळ दिला, चादर उलगडून त्यांच्या अंगावर घातली. चादर कुठली आहे हे सरांनी ओळखलं. त्यांचा हात आपोआप किनारीवरून फिरला. मग त्यांनी स्वतःला सावरलं, माइकशी आले आणि सुरुवात केली, "उपस्थित सज्जनहो, ही चादर माझ्या खांद्यांना पेलवणारी नाही."

भाषण फर्डं झालं. त्यात पृथ्वी आली, भारत आला, टाचणीचं टोक आलं. मधे एकदा ते अडखळले, तर पहिल्या रांगेतून काकूंनी ओठांनीच पुढचा शब्द पुरवला. शेवटी "सांगा, मी कोण?" असं त्यांनी विचारलं आणि सगळा हॉल, जुने विद्यार्थी धरून, एका सुरात म्हणाला, "कोणी नाही, सर." सरांनी चादर काढली आणि दिलेल्या शब्दाप्रमाणे सिद्रामच्या अंगावर घातली. टाळ्या थांबेनात.

सिद्राम चादर पांघरून व्यासपीठाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरून आला. पोरांकडं बघून मिशीवरून हात फिरवला. सर बाजूला उभे होते. जन्मभर घोकलेलं सगळं मनासारखं पार पडलं होतं, आणि आता त्यांचे खांदे रिकामे होते. हात कुठं ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं. भाषण संपलं होतं आणि पुढं काहीच ठरवलेलं नव्हतं.

फिरून झाल्यावर सिद्राम त्यांच्यासमोर येऊन थांबला. अंगावरची चादर काढली, झटकली आणि सरांच्या खांद्यांवर टाकली.

"आता ही माजी चादर हाय," तो म्हणाला. "हेडसरांची तुमी नाकारली, ती मोट्या मान्साची व्हती. ही शिपायाची हाय. आता नाकारून दावा."

मी काकूंकडं पाहिलं. त्यांच्याकडेही यापुढचा शब्द नव्हता. हेडसरांची चादर नाकारणारा माणूस साधा ठरत होता, पण शिपायाची नाकारणारा काय ठरला असता? सरांनी हळूच दोन्ही हातांनी चादरीची टोकं धरली, ती अंगाभोवती ओढून घेतली, किनार बाहेर काढली, आणि व्यासपीठाखाली उभ्या असलेल्या माझ्याकडं वाकून विचारलं,

"बाई, मोर सरळ आलाय ना?"

मी हो म्हटलं. मग जो हशा उसळला त्यात सर स्वतःही सामील झाले, टोपी सरकेपर्यंत हसले. त्या दिवशी ते चादर अंगावर ठेवूनच घरी गेले, एप्रिलच्या उन्हात, आणि जवळचा रस्ता सोडून सात रस्त्यावरून.

पुढं चादरीची वाटणी ठरली. थंडीचे महिने ती कुंभारीला सिद्रामकडे जायची, कारण तिथं तिचा उपयोग होता. उन्हाळ्यात ती सरांकडे यायची, कारण पाहुणे उन्हाळ्यात यायचे.

काही वर्षांनी मी त्यांच्या घरी गेले. काकूंनी पाणी दिलं. भांडं खाली ठेवेपर्यंत भिंतीवरची चौकट उतरलेली होती. भिंतीवर आता ती एकच उरली होती, बाकीचे कडेचे फोटो कुठं गेले मी विचारलं नाही. निरोपाच्या दिवशीचा फोटो होता. बरोब्बर मधोमध, हेडसरांच्या आणि सिद्रामच्या मधे, चादरीत बुडालेले सर बसले होते, आणि दोन मोर लोकांकडं तोंड करून. सगळ्या फोटोत दुसरं काही दिसतच नव्हतं.

सरांनी तो सोग्यानं पुसला, माझ्या मांडीवर ठेवला आणि समोर उकिडवे बसले.

"ओळखा," ते म्हणाले. "यात मी कुठे आहे?"

मी मागची रांग शोधली. खाली बसलेली मुलं शोधली. दोन्ही कडा नीट बघितल्या. जितका वेळ लावता येईल तितका लावला.